बारा वर्षं चाललेली गोळी, मग आत्ताच त्रास का?

पत्र कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका ताईंचं आहे, थोडक्यात देते. सासरे, घरात सगळे आबा म्हणतात, वय ७८. तरुणपणी तालमीतला गडी, पुढं साखर कारखान्यात नोकरी. ६६ व्या वर्षी धाप लागायला लागली, हार्टचं पंपिंग कमी आणि ठोके अनियमित असं निघालं. तेव्हापासून डिगॉक्सिन (हार्टला जोर देणारी, ठोके आवरणारी), मेटोप्रोलॉल (ठोके मंद करणारी), टेल्मिसार्टन (बीपीची), लघवीची गोळी आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. महिन्याभरापासून आबांना जेवण जात नाही, मळमळतं, उठलं की गरगरतं, ठोके पण मंद पडलेत. डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि डिगॉक्सिन निम्मी केली. आठ दिवस झाले, थोडाच फरक आहे. पुण्याचे थोरले दीर म्हणतात, "वय झालं म्हणून डॉक्टर हात आखडता घेतायत, पहिल्यासारखी पूर्ण द्या, बारा वर्षं सूट झालीय की." नणंद म्हणतात, "एवढ्या गोळ्यांनीच किडनी जाते, सगळ्या बंद करा." किडनीची रक्ततपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, १.२ आहे, रिपोर्टवर नॉर्मल लिहिलंय. गोळ्या रोज ताईच देतात. शेवटी त्या विचारतात, निम्म्या डोसनं आबांच्या हार्टला काही झालं तर नाव माझंच येणार ना? आणि जाता जाता दोन गोष्टी लिहिल्यात, गुडघा दुखला की आबा मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतात, आणि खोकल्यासाठी घरात ज्येष्ठमधाचा काढा चालू आहे.

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलीय, दुखण्याची गोळी आणि काढा. त्यावर येतेच, पण आधी तो दिरांचा मुद्दा घेऊ, कारण तो फक्त तुमच्या दिरांचा नाही. मी फार्मासिस्ट आहे, काउंटरच्या अलीकडं उभं राहून हे वाक्य मी कायम ऐकते, "ही गोळी सूट झालीय, बदलू नका." लोकांना वाटतं की एकदा गोळी मानवली म्हणजे ती कायमची मानवली. पण गोळी २५० मायक्रोग्रॅमचीच राहते हो, ती घेणारा माणूस तोच राहत नाही ना. ६६ चे आबा आणि ७८ चे आबा, हार्टच्या औषधांच्या बाबतीत हे दोन वेगळे पेशंट आहेत असं समजूनच चालायला पाहिजे.

डिगॉक्सिन आपल्या शरीरातून मुख्यतः किडनीवाटे बाहेर जातं. न्हाणीत नळ तेवढाच सोडलाय पण मोरी तुंबत चाललीय, तर पाणी हळूहळू घोट्यापर्यंत येणारच, नळ कुणी वाढवला नाही तरी. चाळिशीनंतर किडनीची गाळायची ताकद साधारण वर्षाला एक मिली प्रति मिनिट या हिशोबानं उतरत जाते, सगळ्यांची सारखी नाही, कुणाची जास्त कुणाची कमी, पण उतरते. आणि ती उतरताना दुखत नाही, सूज येतेच असं नाही, लघवी पण व्यवस्थित होत असते, म्हणून घरात कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता तुम्ही म्हणाल क्रिएटिनिन तर नॉर्मल आहे. इथंच बरीच घरं फसतात. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून आणि किडनी ते बाहेर टाकते. तुम्हीच लिहिलंय की आबांचं वजन तेव्हा ७२ होतं आणि आता ५४ आहे, म्हणजे तालमीत कमावलेलं अंग बरंचसं गेलं. स्नायू कमी झाले की क्रिएटिनिन तयारच कमी होतं, त्यामुळं किडनी मंदावलेली असली तरी रक्तातला आकडा साधा दिसतो. म्हणून डॉक्टर लोक किडनी मिनिटाला साधारण किती मिली गाळते याचा एक हिशोब करतात, कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ साली दिलेला, आजही औषधांचे डोस ठरवताना वापरतात. १४० मधून वय वजा करायचं, त्याला वजनानं गुणायचं, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन यानं भागायचं, बाई असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ नं गुणायचं. आबांचं करून बघितलं मी. १२ वर्षांपूर्वीच्या फाईलमध्ये क्रिएटिनिन १.१ होतं असं तुम्ही लिहिलंय, तर तेव्हाचं उत्तर येतं सुमारे ६७. आणि आत्ताचं, वय ७८, वजन ५४, क्रिएटिनिन १.२, उत्तर येतं सुमारे ३९. कागदावर १.१ चं १.२ झालं, कुणी ढुंकून बघणार नाही, आणि औषध बाहेर काढायची ताकद मात्र ६७ वरून ३९ वर आली. हा अंदाजच असतो, पण हा एवढा फरक अंदाजात सुद्धा डोळ्यावर येण्यासारखा आहे.

त्यात डिगॉक्सिनचं अजून एक आहे. ते शरीरात गेल्यावर मोठ्या प्रमाणात स्नायूंमध्ये जाऊन बसतं. स्नायूच कमी झाले तर बसायला जागा कमी, म्हणून तेवढ्याच गोळीनं रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. म्हणजे आबांच्या बाबतीत दोन्हीकडून झालं, आत साठायला जागा कमी आणि बाहेर जायला वाट अरुंद.

आणि लक्षणं बघा तुम्ही काय लिहिलीत, जेवण नको, मळमळ, गरगरणं, मंद ठोके. ज्या झाडापासून ही औषधं निघाली त्या डिजिटॅलिसवर विल्यम विदरिंग नावाच्या इंग्लिश डॉक्टरनं १७८५ साली लिहिलं, त्यात जास्त डोस झाल्यावर काय होतं ते त्यानं नोंदवलंय, मळमळ, उलटी, चक्कर, वस्तू हिरव्या पिवळ्या दिसणं, नाडी मंद होणं. सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ माहीत असलेली ही यादी आहे. तरी सुद्धा म्हाताऱ्या माणसाला जेवण गेलं नाही की आपण म्हणतो वय झालं, तोंडाला चव नाही, आणि लिंबाचं लोणचं वाढतो. तुमच्या डॉक्टरांनी तसं न म्हणता ईसीजी काढला आणि डोस कमी केला, हे मला खरंच चांगलं वाटलं, आणि दिरांना पण हे सांगा, हा हात आखडता घेणं नाहीये, हे पेशंटकडं नीट बघणं आहे.

निम्मा डोस म्हणजे निम्मं काम, ही पण एक समजूत आहे, ती या औषधाला लागू नाही. १९९७ साली ६८०० पेशंटांवरचा एक मोठा अभ्यास छापून आला होता, त्यात डिगॉक्सिन दिल्यामुळं हार्ट फेल्युअरसाठी, म्हणजे हार्टचं पंपिंग कमी पडून, ॲडमिट व्हायची वेळ कमी आली, पण मृत्यू कमी झाले नाहीत. पुढं त्याच अभ्यासातल्या पुरुषांचे आकडे परत तपासले तेव्हा असं दिसलं की ज्यांच्या रक्तात औषध कमी प्रमाणात होतं ते जास्त जगले, आणि ज्यांच्यात ते मिलीला १.२ नॅनोग्रॅमच्या वर होतं त्यांच्यात मृत्यू उलट जास्त होते. म्हणून हल्ली हार्ट फेल्युअरमध्ये ०.५ ते ०.९ च्या दरम्यान ठेवायला बघतात. लॅबच्या कागदावर मात्र नॉर्मलची वरची हद्द बऱ्याचदा २ छापलेली असते, त्यामुळं १.७ आलं तरी घरचे म्हणतात नॉर्मल आहे. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीची वयस्करांसाठी जपून वापरायच्या औषधांची यादी आहे, त्यातही दिवसाला १२५ मायक्रोग्रॅमच्या वर डिगॉक्सिन देऊ नका असंच आहे. आबांना आता तेवढंच चालू आहे. त्यामुळं पूर्ण गोळी परत सुरू करायचा विषय डोक्यातून काढा.

आठ दिवसांत फरक थोडाच का? किडनी चांगली असेल तर डिगॉक्सिन निम्मं व्हायला दीड ते दोन दिवस लागतात, किडनी मंद असेल तर त्याहून जास्त. आणि नवीन डोसवर रक्तातलं प्रमाण स्थिर व्हायला असे चार पाच टप्पे जावे लागतात. म्हणजे तरण्या माणसाला आठवडाभर, आबांना दोन आठवडे सहज. तर धीर धरा, पण हातावर हात ठेवून नाही. डॉक्टरांना विचारून रक्तातलं डिगॉक्सिन, पोटॅशियम, सोडियम, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन एकदम करून घ्या. डिगॉक्सिनसाठी रक्त द्यायचं ते गोळी घेतल्यावर निदान सहा तासांनी, किंवा सरळ सकाळची गोळी घ्यायच्या आधी, नाहीतर आकडा खोटा मोठा येतो आणि सगळे घाबरतात.

आता तो काढा. ज्येष्ठमध आपल्याकडं निरुपद्रवी समजतात, पोराबाळांना पण चघळायला देतात, आणि चार दिवस खोकल्यापुरतं घेतलं तर धडधाकट माणसाला काही होत नाही. पण रोज घेतलं तर ज्येष्ठमधानं शरीरातलं पोटॅशियम उतरतं, अंगात मीठ पाणी धरून राहतं, बीपी वाढतं. आबांची लघवीची गोळी आधीच पोटॅशियम बाहेर घालवतेय. आणि पोटॅशियम कमी असताना डिगॉक्सिन रक्तात बेताचं असलं तरी हार्टला विषासारखं लागू शकतं. म्हणून काढा आजपासून बंद. खोकला राहिलाच तर तो पण डॉक्टरांना सांगा, कारण पंपिंग कमी असलेल्या माणसाचा रात्रीचा खोकला कधी कधी छातीत पाणी धरल्यामुळं असतो. आणि खोकल्यासाठी कुणी अँटिबायोटिक लिहून दिलंच तर आधी सांगा की डिगॉक्सिन चालू आहे, क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काही अँटिबायोटिकनं डिगॉक्सिनचं प्रमाण चढतं.

दुखण्याची गोळी त्याहून वाईट. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसेक्लोफेनॅक, नाव काहीही असो, या सगळ्यांनी किडनीला जाणारं रक्त कमी होतं. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असताना वरून ही तिसरी गेली की किडनी अचानक बसू शकते, आणि किडनी बसली की डिगॉक्सिन साठलंच. शिवाय रक्त पातळ करायच्या गोळीसोबत पोटात रक्तस्राव व्हायची भीती वेगळी. आबा मेडिकलमध्ये जाऊन "गुडघ्याची द्या" म्हणतात आणि समोरचा देतो, हे आमच्या धंद्यातलं दुखणं आहे आणि मला त्याचा राग येतो, हार्टच्या पेशंटला न विचारता ही गोळी देणं बरोबर नाही. तुमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याला स्वतः जाऊन सांगून या की आबांना या या गोळ्या चालू आहेत, दुखण्याची गोळी मागितली तर द्यायची नाही. गुडघ्यासाठी पॅरासिटॅमॉल किती आणि किती दिवस चालेल, वरून लावायचं मलम चालेल का, हे डॉक्टरांना विचारा, दुखणं खरंच आहे तर त्याचा इलाज पण व्हायलाच पाहिजे, नुसतं "सोसा" म्हणून आबा ऐकणार नाहीत, लपून आणतील.

नणंदबाईंचं म्हणणं. त्यांची काळजी मला कळते, आणि काही गोळ्या नकोशा होतात हे खरं पण आहे. पण "सगळ्या बंद" हे पूर्ण डोस देण्यापेक्षाही धोक्याचं. मेटोप्रोलॉल एकदम थांबवलं तर ठोके उसळतात, छातीत दुखणं, कधी अटॅक सुद्धा येऊ शकतो, ते कमी करायचं झालं तरी टप्प्याटप्प्यानं. रक्त पातळ करायची गोळी बंद केली तर अनियमित ठोक्यांमुळं गुठळी होऊन लकवा मारायची भीती. आणि वय झालं म्हणून औषधाचा उपयोग नाही असं तर अजिबात नाही. २००८ साली ८० च्या पुढच्या ३८४५ लोकांवरचा बीपीच्या औषधांचा अभ्यास आला, ज्यांना औषध दिलं त्यांच्यात हार्ट फेल्युअर ६४ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी कमी होते. ते लोक त्या वयाच्या मानानं बऱ्या तब्येतीचे होते हे खरं, पण ८० नंतर गोळ्यांचा फायदाच नाही हे म्हणणं त्यानं खोटं पडलं. म्हातारपणी औषध थांबवायचं नसतं, मोजून मापून द्यायचं असतं.

आणि हे पण लक्षात ठेवा, डिगॉक्सिन निम्मी केली म्हणून बाकीच्या पण निम्म्या, असं नाही. प्रत्येक औषधाचा रस्ता वेगळा. मेटोप्रोलॉल लिव्हरमधून जातं, वयानं लिव्हरला रक्त कमी मिळतं म्हणून त्याचं प्रमाण पण थोडं चढू शकतं, पण ते बघायचं नाडीवरून. रक्त पातळ करायच्या गोळ्यांमध्ये डाबिगाट्रान बहुतांशी किडनीवाटे जातं, तर अपिक्साबानचा नियमच लिहिलेला आहे, वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तीनमधल्या दोन गोष्टी असतील तरच डोस ५ मिलिग्रॅमवरून २.५. आबांमध्ये आज एकच बसते, वजनाची. म्हणून घाबरून ती गोळी स्वतःहून निम्मी केली तर लकव्यापासूनचं संरक्षण जातं. तुम्ही त्या गोळीचं नाव लिहिलं नाही, ती कुठली आहे ते बघून डॉक्टरांना मुद्दाम विचारा की आबांच्या वजनाला आणि किडनीला डोस बरोबर आहे ना. दोन वर्षांनी ८० पूर्ण झाले की परत विचारा.

गरगरण्याचं एक घरी बघता येतं. बीपीचं मशीन आहे ना, आबांना पाच मिनिटं पडू द्या, बीपी घ्या, मग उभं करा, एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर ते लिहून डॉक्टरांना दाखवा. उतारवयात उभं राहिल्यावर नसा आवळून बीपी सांभाळायची शरीराची चपळाई कमी होते, त्यात टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी. रात्री बाथरूमला उठताना आधी कॉटच्या कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग उठायचं. रक्त पातळ असलेल्या माणसानं डोक्यावर पडणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको.

गोळीचं पण बघा. तुम्ही लिहिलंय की सुरीनं मोडून देते. ती गोळी एवढीशी, सुरीनं एक तुकडा मोठा एक बारका होतो, थोडी पूड ताटलीत राहते, आणि हे औषध असं आहे की थोड्या फरकानं पण फरक पडतो. कमी ताकदीची गोळी मिळते का विचारा, नाहीतर पिल कटर आणा. जुन्या पूर्ण डोसची चिठ्ठी फाईलमधून काढून बाजूला ठेवा, त्यावर आडवी रेघ मारा, नाहीतर तुम्ही चार दिवस माहेरी गेलात की कुणीतरी तीच बघून गोळ्या देणार. बऱ्याच जणांना ही गोळी लॅनॉक्सिन या नावानंच माहीत असते, वेगळ्या नावाची स्ट्रिप आली की दुसरी गोळी समजून दोन्ही चालू ठेवतात, तेवढं नीट बघा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडं. नाव माझं येईल का. ताई, डोस ठरवायची जबाबदारी तुमची नव्हतीच कधी, ती तुमच्यावर हळूहळू येऊन बसली, कारण गोळी हातात तुमच्या असते. दीर पुण्यातून फोनवर सांगतात, नणंद सणासुदीला येऊन सांगतात, आणि मिस्टरांबद्दल तर तुम्ही पत्रात एक ओळ पण लिहिली नाही, ते काय म्हणतात? वडील त्यांचे आहेत. पुढच्या वेळी डॉक्टरांकडं त्यांना सोबत न्या, आणि तिथं केबिनमध्येच डॉक्टरांची परवानगी घेऊन दिरांना फोन लावा, स्पीकरवर. जे काय "पूर्ण द्या" म्हणायचंय ते डॉक्टरांना म्हणू देत. आलेलं उत्तर, गोळीचं नाव, डोस, वेळ, कशासाठी, एका कागदावर डॉक्टरांच्याच अक्षरात किंवा शिक्क्यासकट घ्या, फोटो घरच्या ग्रुपवर टाका. नणंदबाईंना "तुमचं चूक" म्हणू नका, म्हणा की यातली कुठली गोळी आता गरजेची नाही हे आपण डॉक्टरांना विचारू. हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि चांगल्या डॉक्टरला तो आवडतो.

आबांशी पण बोला ओ. पत्रभर आबांबद्दल सगळे बोलतायत, आबांना कुणी विचारलेलं दिसत नाही. तालमीतला माणूस आहे, वजन आणि खुराक याचा हिशोब त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. सांगा त्यांना सरळ, आबा, ७२ किलोच्या गड्याचा डोस ५४ किलोच्या गड्याला कसा चालंल. मला वाटतं पटेल त्यांना. रविवारचा तांबडा पांढरा रस्सा पूर्ण तोडायची गरज नाही, वाटीभर घ्या, पण मीठ बेतानं, पापड लोणचं बाजूला. आणि मिठाऐवजी ते "लो सोडियम" मीठ कुणी आणून दिलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टनसोबत ते जास्त साठू शकतं. एप्रिल मे च्या उन्हात किंवा जुलाब उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि लघवीची गोळी, टेल्मिसार्टन, डिगॉक्सिन त्या दिवसांपुरती द्यायची की थांबवायची ते विचारा, अंगातलं पाणी कमी झालं की किडनी सगळ्यात आधी मार खाते.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण सांगते, घरात पंच्याहत्तरीच्या पुढचं माणूस हार्टच्या गोळ्यांवर असेल तर सहा महिन्यांतून एकदा वजन, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघा, आणि सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक, गुडघ्याची, झोपेची, पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ओता. वजन चार पाच किलोनं उतरलं तर सहा महिने पण थांबू नका.

ताई, तुम्ही या आठवड्यातच रक्त तपासून घ्या. नाडी ५० च्या खाली गेली, चक्कर येऊन पडले, सारखी उलटी, पिवळं दिसायला लागलं, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला किंवा शौचाला काळं झालं तर पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन, आणि फोन लागला नाही तर सरळ सीपीआर हे आपलं सरकारी हॉस्पिटल किंवा जवळचं दुसरं हॉस्पिटल, रात्र असली तरी. जाताना गोळ्यांच्या स्ट्रिपा सोबत घ्या आणि शेवटची डिगॉक्सिन कधी घेतली ती वेळ सांगा. रिपोर्ट आले की मला कळवा, रक्त पातळ करायच्या गोळीचं नाव पण लिहा.